वारली चित्र बघायच्या आधी भिंत बघा

मागच्या महिन्यात लेकीच्या शाळेतनं प्रोजेक्ट आला, 'वारली चित्र काढून आणा', आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ, त्यात आधी गोल, मग त्रिकोण, मग त्याच्यावर उलटा त्रिकोण, चार काड्या जोडा की झाला माणूस. पंधरा मिनिटांत तिने अख्खं गाव उठवलं, झोपडी, विहीर, कोंबड्या सगळं, आणि मग मला विचारलं, "बाबा, ही माणसं एवढी बारीक का असतात?" मी कायतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली आणि नंतर जरा लाज वाटली, कारण मी चार वर्षं डहाणूच्या आतल्या बाजूला, कासा-गंजाडच्या पट्ट्यात नोकरी केलीय, लग्नाची जेवणं जेवलोय, आणि तरी ह्या चित्राबद्दल पोरीला दोन वाक्यं धड सांगता येईनात. मग बसून जे माहीत होतं ते आठवलं, थोडं वाचलं, आणि ते इथे टाकतोय.

पहिली गोष्ट म्हणजे वारली हे आधी माणसांचं नाव आहे, चित्राचं नंतर. पालघर जिल्ह्यात (जो २०१४ ला ठाण्यातनं वेगळा झाला) डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड ह्या भागात, वर वलसाडकडे, दादरा-नगर हवेलीत, इकडे नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांत वारली लोक राहतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या महाराष्ट्रात साधारण ८ लाख. आता ८ लाख माणसं म्हणजे काय छोटी संख्या नाही, पण आपल्याकडे 'वारली' म्हटलं की लोकांना उशीचं कव्हर आठवतं.

आता भिंत. मी मुद्दाम भिंतीपासून सुरू करतोय कारण पीडीएफात ती नव्हतीच. जुनं वारली घर कुडाचं असतं, म्हणजे कारवीच्या काठ्या शेजारी शेजारी उभ्या करून, बांधून, त्यावर माती आणि शेणाचा लिंपण. कारवी हे सह्याद्रीतलं झुडूप, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलतं, डोंगर जांभळे होतात, पेपरात फोटो येतात, आणि मग ते झाड मरतं. त्या काठ्यांची भिंत. तिच्यावर गेरूचा हात फिरवला की तो विटकरी-तपकिरी रंग येतो, आणि त्यावर पांढरं जे असतं ते तांदळाचं. भिजवलेला तांदूळ वाटून पाण्यात पातळ केलेला, बाकी काही नाही. ब्रश म्हणजे बांबूची काडी, तिचं टोक दाताने चावून चावून मऊ केलेलं. म्हणजे जंगलाची भिंत, गाईचं शेण, शेतातलं भात, आणि हे सगळं एकमेकांवर. चित्र काढायच्या आधीच अर्धी गोष्ट सांगून झालेली असते.

आणि हे टिकत नाही. डिंक नाही, फेव्हिकॉल नाही, नुसतं पीठ. एक पावसाळा गेला की ओल धरते, पोपडे निघतात, किडे-मुंग्या खातात, पुढच्या लग्नाला परत लिंपायचं आणि परत काढायचं. म्हणून जेव्हा कोणी छातीठोकपणे सांगतं की ही कला इतकी हजार वर्षं जुनी आहे तेव्हा मला जरा शंका येते. मध्य प्रदेशात भीमबेटकाच्या गुहांमधल्या चित्रांशी साम्य दिसतं हे खरं, पण गुहेतला दगड टिकतो, कुडाची भिंत टिकत नाही, त्यामुळे भिंत स्वतः तर पुरावा देणार नाही. टिकलं ते हाताला, आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे.

आमच्या ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याच्या भावाचं लग्न होतं, तेव्हा मी पहिल्यांदा चौक बघितला. हो, चौक. चित्र असं कोणी म्हणत नव्हतं. आणि 'चौक काढला' असंही नाही, 'चौक लिहिला' म्हणतात, हा शब्द मला तेव्हा एकदम लागला. आपण रांगोळी काढतो किंवा घालतो, आणि इथे लिहितात. घरात अंधार होता, बाहेरून उन्हातनं आत गेल्यावर आधी काही दिसलंच नाही, ओल्या शेणाचा वास आणि बांगड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग डोळे सरावले. तीन-चार बायका भिंतीला अगदी चिकटून, एकीच्या डाव्या हातात वाटी, उजव्या हातात काडी, ती काडी बुडवायची, वाटीच्या काठाला टेकवून जास्तीचं गाळायचं आणि मग रेघ. पट्टी नाही, पेन्सिलीची खूण नाही. एक बाई चौकटीची नागमोडी किनार करत होती, दुसरी दुसऱ्या टोकाकडून तीच किनार करत येत होती आणि दोघी मधे कुठेतरी भेटल्या, तिथे एक त्रिकोण कमी-जास्त झाला तर एकीने तो थोडा फुगवला आणि विषय संपला. ओली रेघ जवळजवळ दिसतच नाही, पाण्यासारखी असते. वाळत जाते तशी पांढरी होते. म्हणजे त्या जे काढत होत्या ते त्यांना स्वतःला पण पाच मिनिटांनी दिसणार होतं! हे मला अजून विसरता येत नाही.

चौक म्हणजे चौकोन, आणि चौकोनाच्या आत देवी, पालघट. झाडापेडांची, सृजनाची, पोराबाळांची देवी. तिच्याभोवती किनारीवर किनारी, त्रिकोणांच्या, साखळीच्या, आडव्या-तिरप्या रेघांच्या, आणि चौकोनाच्या बाहेर सगळं जग, म्हणजे ताडावर चढलेला माणूस, माकडं, कोंबड्या, नाचणारी माणसं, सूर्य-चंद्र, घोड्यावर नवरा-नवरी. बाजूला अजून एक लहान चौकट असते तो देवचौक, त्यात घोड्यावर बसलेला पाच शिरांचा देव, पंचशिऱ्या. हे सगळं सवाष्णी लिहितात. आणि हे शोभेसाठी नाही, हे नीट लक्षात घ्यायला पाहिजे. आपल्याकडे लग्नात फुलांचं डेकोरेशन नसलं तरी लग्न लागतं, आत्या रुसते एवढंच. वारल्यांमध्ये पालघट चौकात येऊन बसल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. भगत असतो, तो देवाला बोलावतो, अंगात येतं, गाणी चालू असतात. चित्र हे देवीला यायची जागा आहे, आपण घट बसवतो ना नवरात्रात तसं समजा. म्हणून ते माहितीपत्रकात लिहितात ना, 'गोल म्हणजे सूर्य-चंद्र, त्रिकोण म्हणजे डोंगर आणि झाडाचे शेंडे, चौकोन हा माणसाने बनवलेला', ते चूक नाही, पण त्यातनं असं वाटतं की कोणीतरी भूमितीचा तास घेतलाय. माझ्या मते चौकोनापासून सुरुवात करावी. तो घराचा उंबरा आहे, देवीसाठी आखलेला.

हे लग्न लावते कोण तर धवलेरी. बाई. भटजी नाही. ती धवले गाते, म्हणजे लग्नाची गाणी, आणि त्या गाण्यांवर एकेक विधी पुढे जातो. आता 'धवळे' हा शब्द ऐकून शाळेतलं काही आठवतंय का? महदंबेचे धवळे! १३व्या शतकातली महानुभाव पंथातली महदंबा, मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण पाठ केली, तिचे ते धवळे म्हणजे कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची गाणीच. म्हणजे जो शब्द आपल्याकडे परीक्षेच्या प्रश्नात उरला तो डहाणूच्या पाड्यांवर अजून कामाला जातो. मला हे समजलं तेव्हा मी दोन दिवस भेटेल त्याला सांगत होतो, लोक कंटाळले.

पण ह्या लग्नाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय चौकाबद्दल बोलणं म्हणजे अर्धवट. लग्नाला पैसा लागतो, आणि वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेलेल्या. तर स्वातंत्र्याच्या आधीच्या काळात लग्नासाठी शे-दोनशे रुपये कर्ज घ्यायचं आणि त्या कर्जापायी नवरा-बायको दोघांनी जमीनदाराच्या घरी राबायचं, कधीकधी आयुष्यभर, ह्याला म्हणायचे लग्नगडी. लग्नगडी! शब्दच बघा. म्हणजे ज्या लग्नात पालघट चौकात बसली त्याच लग्नाने माणूस गहाण पडला. १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावात वारली जमले आणि वेठबिगार करणार नाही असं ठरवलं, किसान सभा ही शेतकऱ्यांची संघटना होती, तिचे पुढारी शामराव आणि गोदावरी परुळेकर होते, आणि तो लढा पेटला. लग्नगड्यांची पद्धत त्या लढ्यात मोडली. मला कोणी वारली चित्र दाखवून 'किती साधं, आनंदी जीवन' म्हणालं ना की हे आठवतं. आनंद आहे, नाचही आहे, पण साधं बिधं काही नाही.

आता निसर्गपूजा. हा शब्द मला थोडा गुळगुळीत वाटतो, कारण त्यात असं येतं की आदिवासी म्हणजे झाडाला मिठी मारून बसलेली प्रेमळ माणसं. तसं नसतं हो. त्यांच्याकडे धरतरी आहे म्हणजे जमीन, गावतरी आहे म्हणजे गाय, आणि कणसरी आहे म्हणजे कणसातली, धान्याची देवी, ह्या तिघी आया. नारनदेव पावसाचा. हिरवा म्हणून देव आहे, मोरपिसांचा जुडगा हे त्याचं रूप. नवीन भात आलं की आधी देवाला, मग आपण, त्याच्या आधी नवा दाणा तोंडात घालायचा नाही. आता ह्या नियमाच्या शेजारी ती तांदळाची रेघ ठेवून बघा. जी कणसरी पोट भरते तिचंच पीठ भिंतीवर, म्हणजे रंग आणि देव आणि जेवण हे तीन वेगळे डबे नाहीतच. पांढरा पोस्टर कलर वापरला की रेघ जास्त स्वच्छ येते, टिकते, विकायला बरी पडते, मी कोण त्यांना नको म्हणणार, पण ह्या हिशेबात एक गोष्ट तिथेच कमी होते हे कळलं पाहिजे.

आणि वाघोबा. दिवाळीच्या आधी अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो, गाय-वासराची पूजा, गवारीची भाजी, बाजरीची भाकरी. त्याच दिवशी ह्या बाजूला वाघबारस असते. आपण गाईची पूजा करतोय आणि ते गाईला खाणाऱ्याची! मला हे आधी विनोदी वाटलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला, की अरे, दोघांना गुरं वाचवायचीच आहेत, फक्त त्यांनी अर्ज योग्य टेबलावर दिलाय. वाघोबाचं ठाणं म्हणजे लाकडावर किंवा दगडावर कोरलेला वाघ, वर सूर्य-चंद्र, शेंदूर फासलेला. वाघोबाशी नातं भीतीचं आहे, मानाचं आहे आणि चक्क देण्याघेण्याचं आहे, आम्ही तुझं करतो, तू आमच्या ढोरांकडे बघू नको. तुझं करायचं राहिलं तर तू येणारच, त्यात तुझी चूक नाही. पट्टेरी वाघ ह्या भागातनं कधीच गेला, आता बिबट्या आहे, त्यालाही वाघच म्हणतात, आणि हे ठाणं मुंबईच्या पोटात आरेत, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या कडेलाही सापडतं कारण तिथेही वारल्यांचे पाडे आहेत, शहर नंतर आलं. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतनं कापली तेव्हा टीव्हीवर सगळं झाडांच्या आकड्यांवर चाललं होतं. पाड्यांवरच्या लोकांसाठी त्यात देवाच्या जागेचा, गुरांच्या वाटेचा प्रश्न होता, तो आकड्यात बसेना म्हणून बातमीतही फारसा बसला नाही.

पूर्वजांचं थोडं सांगतो. मेलेला माणूस लगेच जात नाही, त्याचे विधी असतात, घांगळी वाजते. घांगळी म्हणजे दोन भोपळ्यांचं तंतुवाद्य, त्याच्यावर देवांच्या, कणसरीच्या कथा गातात. पूर्वजांपैकी काही वीर होतात, त्यांना मान द्यायचा, नाहीतर ते त्रास देतात. हे ऐकून 'अंधश्रद्धा' म्हणायच्या आधी आपल्या देव्हाऱ्यातले टाक बघावेत, त्यात बहुतेक घरांत एखादा घोड्यावरचा वीर सापडेल, आणि नाशिकला धुळवडीला वीर नाचवतात ते काय वेगळं आहे? वारली चित्रात घोडेस्वार दिसला की तो कायम नवरदेवच असेल असं नाही, एवढं ह्यातनं घ्या.

आता चित्र वाचायचं कसं, हे मला जरा सावकाश सांगायचंय कारण इथेच गंमत आहे. सगळ्यांना माहीत असलेलं चित्र म्हणजे तारपा नाच. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य, वाळवलेला दुधी भोपळा, त्यात बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा भोंगा, सांधे मेणाने बुजवलेले. वाजवायला प्रचंड दम लागतो, मी एकदा हौसेने फुंकून बघितला तर गाल दुखले आणि आवाज आला तो प्रेशर कुकरची रिंग खराब झाल्यासारखा. पाऊस संपून नवा भात घरात आला की दिवाळीच्या सुमाराला रात्री तारपा सुरू होतो. वाजवणारा मधे, आणि बाया-पुरुष एकमेकांच्या कमरेत हात घालून साखळी करतात आणि त्याच्याभोवती फिरतात, तो वळला की साखळी वळते, त्याने चाल बदलली की पाय बदलतात. चित्रात ही साखळी गोल नसते. नीट बघा, ती गोगलगाईच्या शंखासारखी असते, बाहेरून आत गुंडाळत येणारी, आणि एक टोक उघडं असतं. म्हणजे कोणीही येऊन मागे जुळू शकतं. तर आमच्या ओळखीतल्या एका बिल्डिंगच्या लॉबीत मशीनवर छापलेली टाइल लावलीय, वीस फुटी, महागाची, त्यात डिझाइनवाल्याने तो शंख बंद करून गरगरीत वर्तुळ केलंय आणि तारपेवाल्याला उचलून बाहेर कोपऱ्यात ठेवलाय कारण तिथे जागा रिकामी होती! सगळे नाचतायत आणि कोणाभोवती तर कोणाभोवतीच नाही. तिथे गेलो की मला दरवेळी त्या तारपेवाल्याची कीव येते.

दुसरं, ह्या चित्राला पुढचं-मागचं नसतं. आपण शाळेत शिकलो की लांबचं लहान, जवळचं मोठं, डोंगराच्या मधून उगवणारा सूर्य आणि नदी. इथे तसं नाही. घराची भिंत आरपार दिसते, आत कणगीत धान्य आहे, उंदीर आहे, बाई भाकरी थापतेय, बाहेर बैल आहेत, वर डोंगर आहे, आणि सगळं एकाच वेळी, एकाच कागदावर, तुम्ही कुठूनही सुरुवात करा. आणि झाड माणसापेक्षा मोठं असतं, पान न् पान सुटं काढलेलं. मुंगीलाही तेवढीच मन लावून रेघ. आणि माणूस बारीक का, ह्या माझ्या लेकीच्या प्रश्नाचं उत्तर मला असं वाटतं की ती माणसं कायम काहीतरी करत असतात. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे, म्हणजे कंबर एका बिंदूवर, आता तो वरचा त्रिकोण जरा तिरका केला की माणूस वाकला, अजून तिरका केला की पेरणी करतोय, मागे झुकवला की नाचतोय. जाड माणूस काढला असता तर हे जमलं नसतं. बैठा फोटो काढायला आलेलाच नाही कोणी त्यात.

मग हे भिंतीवरून खाली कसं उतरलं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार इथे आले. हे तेच गृहस्थ जे त्याच्या आधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीला जाऊन तिथल्या बायकांना कागद देऊन आले होते, पुपुल जयकर हस्तकला मंडळात होत्या, त्यांनी पाठवलेलं. इथेही कागद, कापड दिलं. आणि इथे एक गोष्ट झाली जी मला थोडी खटकते पण समजतेही. भिंतीवर लिहिणाऱ्या बायका होत्या, आणि कागदावर ज्याचं नाव जगभर गेलं तो पुरुष होता, जिव्या सोमा मशे.

माणूस मात्र जबरदस्त. जन्म १९३४ चा. लहानपणी आई गेली आणि पोरगं बोलायचंच बंद झालं, कितीतरी काळ, बोलायच्या ऐवजी धुळीत बोटाने चित्रं काढायचं. पुढे गंजाडला कळंबीपाड्यावर राहिले, आणि लग्नाची वाट न बघता रोज चित्र काढू लागले, पुरुष असून. इथेच सगळं बदललं बघा, विधी नाही, देवी यायची नाही, नुसतं मनात आलं म्हणून. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कधी मिळालं तर मोठं करून बघा, अख्खा कापड जाळ्याने भरलेला, हजारो बारीक रेघा, आणि ते जाळं हलतंय असं वाटतं. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसला पाँपिदू सेंटरच्या गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं, जपानमध्ये तोकामाची नावाच्या बर्फाच्या गावात मिथिला म्युझियम आहे तिथे जाऊन राहून चित्रं, २०११ ला पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात गेले. त्यांची मुलं, नातेवाईक, आसपासचे पाडे, आज गंजाडच्या बाजूला चित्रावर पोट भरणारी बरीच घरं आहेत आणि ह्याचं श्रेय त्यांना आहेच. पण त्यांनी ज्यांच्या भिंती बघून हात बसवला त्या बायकांची नावं कुठल्या कॅटलॉगात नाहीत. भिंत ही सहीची जागाच नव्हती, हे खरं. पुरस्कार द्यायला आणि बिल फाडायला मात्र सही लागते, आणि जिथे सही लागते तिथे पुरुष पुढे आले, हे आपल्याकडे सगळ्याच धंद्यात झालंय.

गंजाडच्याच राजेश वांगड ह्यांचं काम मला आताच्या लोकांमध्ये सगळ्यात जास्त आवडतं. २०१३ च्या सुमारास फोटोग्राफर गौरी गिल तिथे आल्या, वांगड त्यांना गावाच्या जागा दाखवत फिरले, हे झाड, ही टेकडी, इथे असं झालं, तिथे तसं झालं. फोटो निघाले ब्लॅक अँड व्हाइट, सुंदर, पण वांगडनी जे सांगितलं होतं ते त्यात दिसेना. कसं दिसणार, कॅमेऱ्याला समोरचं माळरान दिसतं, तिथे कोण राबलं, कुठला देव बसतो, कुठे दंगल झाली, जंगल कुठपर्यंत होतं ते दिसत नाही. तर वांगडनी त्या फोटोवरच वारली रेघांनी ते सगळं भरलं. आकाशात माणसं, मोकळ्या शेतात गर्दी. मधे बऱ्याचदा ते स्वतः पाठमोरे बसलेले, आपल्याच गावाकडे बघत. पूर्वज, जमीन, आठवण असले जड शब्द लोक वापरतात ना, ते मला ह्या फोटोंमुळे पहिल्यांदा नीट समजले.

आता शेवटचा किचकट भाग, हक्कांचा. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला जीआय मिळाला, म्हणजे भौगोलिक मानांकन, जसं महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला आहे, पैठणीला आहे. लोकांना वाटतं की मग आता दुसऱ्या कोणी वारली काढायचं नाही. तसं नाही. जीआय हे नावाला संरक्षण देतं, म्हणजे 'वारली पेंटिंग' असं लेबल लावून माल कोणी विकायचा ह्याला, नोंदणी दहा वर्षांची असते, मग नूतनीकरण. तुम्ही घरी काढा, पोरीने शाळेत काढावं, काही अडचण नाही. सुरतला गिरणीत छापून वारली म्हणून विकलेल्या चादरीला अडचण आहे, पण तिला शोधणार कोण आणि कोर्टात खेचणार कोण, पाड्यावरचा माणूस? आणि कॉपीराइट वेगळा. जिव्या मशेंच्या एखाद्या चित्राची हुबेहूब नक्कल केली तर तो कॉपीराइटचा विषय, तो त्यांच्या पश्चात ६० वर्षं चालतो. पण चौक, तारपा, दोन त्रिकोणांचा माणूस, ह्याचा एक कोणी लेखक नाही, सगळ्या जमातीचं आहे, आणि कॉपीराइटच्या कायद्याला 'सगळ्यांचं' म्हणजे काय ते कळत नाही, त्याला एक नाव आणि एक तारीख लागते. कायदा एका माणसाने काढलेल्या चित्राला ओळखतो, पिढ्यानपिढ्या सगळ्यांनी मिळून लिहिलेल्याला नाही. मी घेताना एवढंच बघतो की काढणाऱ्याचं नाव मागे लिहिलंय का आणि पैसे थेट त्याला जातायत का. थोडं महाग पडतं. पडू दे.

तर प्रोजेक्ट. लेकीला मी हे सगळं सांगितलं, म्हणजे निम्म्यात तिने जांभई दिली पण तांदळाचा भाग तिला भयंकर आवडला. वाटीभर तांदूळ भिजवला, मिक्सरला लावला, आईची बोलणी मी खाल्ली. बांबूची काडी कुठे मिळणार म्हणून उदबत्तीची काडी चावली, ती तिखट लागली, मग झाडूची घेतली. जुन्या ब्राऊन पेपरवर तिने तारपा नाच काढला, शंख उघडा ठेवून, आणि ओली रेघ दिसेना म्हणून तिची चिडचिड झाली, मग एकदम सगळं पांढरं उमटायला लागलं तेव्हा ती ओरडलीच. रात्री ते टेबलावर वाळत ठेवलं. सकाळी उठून बघतो तर मुंग्यांची रांग लागलेली, आणि शेळीचा एक अख्खा पाय गायब. पांढऱ्या रंगाने दुरुस्त करून देऊ का म्हटलं तर नको म्हणाली, उरलेल्या पिठात काडी बुडवली आणि शेळीच्या तीन पायांखाली टिंबाटिंबांची एक रांग काढून दप्तरात भरून घेऊन गेली.